शिकवणीची गाडी

"गाडी शिकणार? या वयात? नापास झालीस तर अख्खं महाड हसेल," असं म्हणून कमलाकरराव तरुणपणी आपण वरंध घाटात गाडी कशी चालवली, ते पुन्हा सांगायला बसायचे. प्रमोदिनीबाईंचा धीर तिथंच खचायचा. त्या मुकाट स्वयंपाकघरात परतायच्या.

एका सकाळी मात्र बहिणीकडे जाते म्हणून त्यांनी पोलादपूर गाठलं. ओळखीचं कुणी बघायला नको होतं.

ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानात एक गाडी आचके खात येऊन बंद पडली. "या काकू, ह्या काकांचं झालंच हाय," शिकवणारी रंजिता म्हणाली.

गाडीतून घामाघूम कमलाकरराव उतरले आणि बायकोला बघून जागीच थिजले.



"लेकीला सांगू नकोस गं," ते खाली मान घालून म्हणाले, "दोनदा नापास झालोय."