लांबचा रस्ता

फाट्यावर सुगंधाने ट्रक कडेला घेतला. मोबाईल डावीकडे वळायला सांगत होता. तिकडून दुधाचा टेंपो येताना दिसला, तसा तिने हात दाखवून थांबवला.

"दादा, साखरेने भरलेला ट्रक जाईल का इथून?"

"पुलाचा कठडा वाहून गेलाय, ताई. मीच जीव मुठीत धरून आलो. तुम्ही वळसा घालून जा."

तिने मालकाला फोन लावला. ड्रायव्हर नवीन, त्यातून बाई. सुर्वेशेठ आधीच धास्तावलेले होते.

"मोबाईल दाखवतोय तोच रस्ता धर," ते कडाडले. "वळशाने गेलीस तर गोदाम बंद होईल."

"गाडीत किती वजन भरलंय, ते मोबाईलला कुठे ठाऊक आहे, शेठ?"

"मग उद्यापासून कामावर येऊ नकोस."

या नोकरीसाठी सुगंधाने सासर-माहेर दोन्हीकडची बोलणी खाल्ली होती. तरी आवाज हलू न देता ती म्हणाली, "नाही येणार. पण आज स्टेअरिंग माझ्या हातात आहे. गाडी त्या पुलावर जाणार नाही."

ती पोचली तेव्हा गोदामाला कुलूप होतं. ती केबिनमध्येच झोपली.

सकाळी शेठ जीपने आले, तेही जवळच्या वाटेने. पूल पाहून आल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सुगंधाने किल्ली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"परवा लातूरचा माल आहे," ते नजर चुकवत म्हणाले. "रस्ता मोबाईलवर पाठवतो."

"माल काय ते सांगा," किल्ली खिशात टाकत ती म्हणाली. "रस्ता मी बघते."