तीन नादुरुस्त मशिनं

नाशिक रोडच्या धनराजकडे व्हिडिओ गेमची पाच मशिनं होती. करमणूक कर मशिनागणिक लागायचा, म्हणून हिशेबी धनराजने कागदोपत्री तीन नादुरुस्त दाखवली. तपासणीला साहेब आले, तेव्हा ती तिन्ही चादरींखाली झाकलेली होती. लबाडी सापडली तर परवाना जाणार, या धास्तीने त्याची बायको पल्लवी पाण्याचा तांब्या हातातच धरून उभी राहिली. साहेबांनी चादर उचलली. मशिनावर ताजं जास्वंद होतं. सकाळी सवयीने तिने पाचही मशिनांची पूजा उरकली होती. “वहिनी, बंद मशिनाला फूल?” “आजारी आहे ना साहेब. बरं व्हावं म्हणून,” ती म्हणाली. “मग गुण आलाय का बघू. दाबा बटण.” धनराजने बटण दाबलं. मशीन चालू नये, असं पल्लवीने देवाला पहिल्यांदाच विनवलं. पडद्यावर रंग उजळले. साहेब म्हणाले, “देव पावला, वहिनी. परवाना आणा.”