चिंतामणरावांचं अक्षर

डाव्या हातानं 'क्ष' काढताना इंदिराबाईंची जीभ दरवेळी दातांत यायची. 'काचघराचे तोंड दक्षिणेस ठेवावे' एवढं लिहायला त्यांना अर्धी दुपार लागली.

मागच्या अंगणात त्यांचे यजमान, प्रतापराव, सागाच्या फळीवर रंधा मारत होते. संस्थान मध्यभारतात विलीन झालं आणि त्यांची पागेच्या दफ्तरातली नोकरी सुटली. तेव्हापासून हा माणूस भिंतीकडे तोंड करून बसायचा. जेवला तर जेवला. मग एके दिवशी म्हणाले, "काचघर बांधतो. आतलं बारा महिने हिरवं राहील असं. गौतमपुऱ्याच्या चिंतामणरावांना विचारतो, बागाइतीतला जाणता माणूस. तुझा गजानन त्याच गावात आहे, त्याच्या पत्त्यावर पत्र टाकतो."

आठवड्यानं तेच पत्र घेऊन भाऊ गजानन दारात हजर. "ताई, चिंतामणराव तर दिवाळीतच वारले. दाजींना कसं सांगू? पुन्हा भिंतीकडे वळतील. उत्तर तूच लिही, मी तिकडून पोस्टात टाकतो."

"मला काय कळतंय झाडांतलं?"

"मास्तरीण होतीस ना? वाच की."

होत्या खऱ्या. दोन वर्षांपूर्वी एकुलती लेक पद्मजा तापात गेली, तेव्हा शाळा सुटली ती सुटलीच. पण आता यजमानांना उठवायचं होतं. इंदिराबाईंनी पदर खोचला. वाचनालयातून बागकामाची जाडजूड पुस्तकं आणली, तुकोगंजातल्या बंगल्यांचे माळी गाठले, वही भरली. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून लिहायला डावा हात धरला.

उत्तर आलं की प्रतापराव ते ओसरीवर मोठ्यानं वाचायचे. "विद्वान आहे म्हातारा, पण अक्षर बघ! कोंबडी नाचून गेली जणू."

फळ्यावरच्या अक्षरासाठी नावाजलेल्या इंदिराबाई ओठ चावायच्या.

राजवाड्याच्या बागेतला जुना माळी, हरी, रोज सकाळी कुंपणाशी तंबाखू मळत बसलेला असे. "रावसाब, दक्षिण तो जमराज की दिशा है!"

"चिंतामणराव लिहितात, झाडांना यमाची भीती नसते, थंडीची असते. क्या समझे, भिया?"

पुढच्या पत्रात इंदिराबाईंनी कळवलं, वाफ जायला छपराला झरोका हवा. पत्र पोचलं तर झरोका आधीच कापलेला. "अंदाजानं कापला, जमला बघ," प्रतापराव म्हणाले. इंदिराबाईंना कोण कौतुक वाटलं.

पौषात थंडीचा कडाका पडला. आता पत्राला वेळ नव्हता. इंदिराबाई स्वतःच अंगणात धावल्या. "अहो, रांजणांना काजळी फासा, पाणी भरा आणि काचघरात उन्हाला ठेवा. दिवसाची ऊब धरून ठेवतात ते!"

"तुला कसं ठाऊक?"

"म्हणजे... चिंतामणरावांनी हेच लिहिलं असतं."

"असतं खरं," म्हणत प्रतापरावांनी रांजण उचलला.

त्या थंडीत गल्लीतल्या तुळशी काळ्या पडल्या. काचघरात मात्र पद्मजानं लावलेल्या मोगऱ्याला कळी आली. दोघं तिच्यापुढे बराच वेळ उभी राहिली.

माघात गजाननानं काकडीचं बी पाठवलं, रद्दी कागदाच्या पुड्या बांधून. इंदिराबाईंना सोमवारी पुन्हा शाळेत रुजू व्हायचं होतं. बागकामाचा तास त्यांनीच मागून घेतला होता. त्याआधी बी पेरून टाकावं म्हणून त्यांनी पुडी सोडली, बी ओंजळीत घेतलं आणि सवयीनं कागद सरळ केला. अक्षर यजमानांचं होतं. तारीख चिंतामणरावांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठ दिवस आधीची.

'गजानन, चिंतामणराव वारले हे मला ठाऊक आहे, तेच सोयीचं. काचघराचं सगळं हरी माळी शिकवतो आहे. पोर गेल्यापासून तुझ्या ताईनं पुस्तक उघडलेलं नाही, उंबरा ओलांडलेला नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसतोच आहे. तू तिला फक्त एवढं सांग, की दाजींना वाचवायचं आहे.'