शोरब्याचा हंडा
इस्तंबूलच्या बराकीत आम्हा जानिसारींची, म्हणजे सुलतानाच्या कायम पगारी फौजेतल्या शिपायांची, जुनी रीत: सुलतानाच्या शोरब्याचा हंडा पालथा घातला की बंड झालं. त्या सकाळी सीमेवर कूच करायचा हुकूम आला आणि याकूबने हंड्याच्या कड्यांना हात घातला. "थंडीत मरायला आम्हीच का? सुलतानच बदलू!" पलटण ओरडली. मी त्यांचा मुख्य आचारी. पळी घेऊन आडवा आलो. "घाल पालथा. बाराही महिने पोसतात आपल्याला ते याचसाठी ना? मागच्या खेपेला इथे तुम्ही तख्त हलवत बसलात, तिकडे ओस किल्ल्यातून शत्रू आत शिरला. त्या किल्ल्याखाली जळालेलं गाव कुणाचं होतं रे, याकूब?" त्याने कड्या सोडल्या. प्रत्येक जानिसारीच्या टोपीत चमचा खोचलेला असतो; आपला काढून त्याने शोरब्यात बुडवला. "मीठ कमी आहे, उस्ताद," तो गुरगुरला. "सीमेवर पोचलो की घालीन," मी म्हटलं. " भराभर संपवा सगळे. रिकामा हंडा उचलायला हलका."