बुधवारचा आकडा

पेडण्याच्या समुपदेशन केंद्रात शेवंती दर बुधवारी झोप, भूक आणि रडू यांविषयीच्या नऊ प्रश्नांची उत्तरे देत असे. बेरीज जितकी मोठी, तितकी मनाची अवस्था वाईट. तीन महिने उलटले, तरी तो आकडा एका आठवड्यात खाली उतरे आणि पुढच्यात पुन्हा उसळे. अखेरीस डिचोलीच्या खाणीवर राहून ट्रक चालवणारा तिचा नवरा गोकुळदास उपचार कायमचे थांबवण्याच्या निर्धाराने तिच्यासोबत आला.

"मॅडम, हें सगळें नाटक! एक आठवडो बरी, दुसरो आठवडो वायट, असलें दुखणें खंय असता? आजपासून हिचें येणें बंद!"

"घरी यांच्याकडे लक्ष कोण देते?" समुपदेशक हर्षाबाईंनी शांतपणे विचारले.

जणू या प्रश्नाचीच वाट पाहत असल्याप्रमाणे गोकुळदासाने पिशवीतून स्वयंपाकघरातले कॅलेंडर काढले आणि टेबलावर आपटले. त्यावरील तांबड्या वर्तुळांवरून टोमणे ऐकत आलेल्या शेवंतीने मान खाली घातली.

"हे बघा! ट्रक उभो करून जे जे आठवडे हिच्या उशाकडे बसलों, ते सगळे तांबडे करून ठेवलेत. आणि ही उपकार विसरता!"

हर्षाबाईंनी प्रत्येक बुधवारच्या चौकटीत शेवंतीचा त्या दिवशीचा आकडा लिहिला, आणि कॅलेंडर त्याच्याकडे फिरवले.



तांबड्या वर्तुळाबाहेरच्या प्रत्येक बुधवारी शेवंती बरी होती.