पुढची मापं

“बाई, वाळवी लागलीय,” लाकडी जमीन बघायला गुडघ्यांवर बसलेला सुतार म्हणाला. “वाळवी नाही हो, चेलो,” म्हणत मी वाद्याच्या बुडाचा, जमिनीत रोवायचा टोकदार लोखंडी खुंटा दाखवला. तीस वर्षांच्या शिकवणीत जमिनीची चाळण झाली होती. मूल उंच होतं, तसं खुंट्याचं भोक खुर्चीपासून पुढे सरकतं. सुतारानं एका रांगेवर बोट ठेवलं. “ही कोणाची?” “माझ्या लेकीची.” चेलो शिकणाऱ्या मुलांच्या वाढीवरच्या माझ्या प्रबंधात या सहा भोकांचा तक्ता आहे. परीक्षकांनी पुढची मापं मागितली, तेव्हा तक्त्याखाली लिहिलं, ‘उपलब्ध नाहीत.’ पदवी मिळाली. “केवढी आहे?” सुतारानं विचारलं. “दहा वर्षांची.” तिला जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण तोंडातून तेच निघालं. “सगळी भोकं बुजवा,” असं सांगून कामाला बाहेर गेले. संध्याकाळी परतले तेव्हा जमीन गुळगुळीत होती, ती रांग सोडून. “एवढी राहू दिली, बाई. पोर वाढतेय अजून.”