एकोणतिसावा खोका

"तुमच्याकडे एक मेलेली मुलगी अजून पियानो शिकते, हे खरं का?"

कोराने एका दमात विचारून टाकलं. दाराशी ब्रिन आणि डेलिला तोंड दाबून हसत होत्या. पैज त्यांचीच होती.

ग्रंथपाल ट्रास्क हसले नाहीत. "एकोणतिसावा खोका ना? पेन बाहेर ठेव. आत फक्त पेन्सिल. इथे नाव लिही."

कोराने लिहिलेलं नाव त्यांनी जरा जास्तच वेळ वाचलं.

खोक्यात शंभर वर्षांपूर्वीची, पियानोवर वाजवायची छापील गाणी होती. मुखपृष्ठांवर होड्या, चंद्र, पिसांच्या टोप्या घातलेल्या बायका. सोबत देणाऱ्याची एकच ओळ, खाली सही नाही: 'घरात आता वाजवणारं कुणी नाही.' असे खोके इथे येतात ते बहुधा माणूस गेल्यावर. त्यामुळे त्या मुलीला सगळ्या गावाने कधीच पुरून टाकलं होतं.

कोराचा जीव पियानोत अडकला होता. शाळेच्या वर्गासाठी घरून सही हवी होती आणि उद्या शेवटचा दिवस. सकाळी आईने अर्ज चौथ्यांदा सही न करताच फ्रिजवर परत चिकटवला. "ते खूळ आपल्या घरात नको," म्हणाली आणि पावावर शेंगदाण्याचं लोणी फासत राहिली. सुरी धरलेल्या उजव्या हाताची तिची अनामिका नेहमीसारखी ताठ. कोराच्या जन्माआधी मोटारीच्या दारात चेमटली होती. बाकीची आई रागावते तेव्हा ते बोट वेगळं रागावल्यासारखं दिसतं.

ट्रास्कनी पान उलटलं. सुरांवर पेन्सिलीने बारीक आकडे होते, कुठला सूर कुठल्या बोटाने वाजवायचा त्याचे. अंगठ्याला एक, करंगळीला पाच.

"मागच्या महिन्यात या पानावर एकही आकडा नव्हता," ते म्हणाले.

दाराशी हसू थांबलं.

"कोण लिहितं?"

"कुणी कुठला खोका मागवला, ते आम्ही पोलिसांनाही सांगत नाही, पोरी."

"मग खोडत का नाही?"

"खोडायला हवं. हात धजत नाही."

कोरा टेबलावर उजव्या हाताने ते आकडे वाजवून पाहू लागली. एक, दोन, तीन, पाच. तीन, पाच. पुढचं पान. त्याच्या पुढचं. अख्खा खोका संपला. उजव्या हाताच्या ओळीत चार कुठेच नव्हता.

"अगं बाई, भुताला एक बोट कमी आहे!" ब्रिन किंचाळली. "चल, पळ!"

कोरा पळाली नाही. तिने आपली अनामिका ताठ धरली आणि पहिलं पान पुन्हा टेबलावर वाजवलं.

संध्याकाळी जेवताना बाबांनी चिडवलं, "काय मग, भेटलं का भूत?"

"भेटलं."

आई बटाटे वाढत होती. तिचा हात वाटीवरच थांबला.

कोराने फ्रिजवरचा अर्ज काढला आणि सरळ दोन तुकडे केले. "आई, बाबा, माझं ठरलंय. मी पियानो शिकणार. शाळेत नाही, एकोणतिसाव्या खोक्यातून. आणि शिकवणार तू, आई."